मामोन : सैतान की अनामत?

बायबलच्या नव्या करारात ‘मामोन’ हा शब्द फक्त चार वेळा येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायाच्या २४व्या वचनात एकदा आणि लूकच्या सोळाव्या अध्यायात तीनदा. चारही ठिकाणी बोलणारा येशूच आहे. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली, पण येशू ज्या भाषेत बोलत होता ती गालीलमधली अरामी. ग्रीक भाषेला संपत्तीसाठी शब्दांची वाण नव्हती. ‘प्लूटोस’ होता, ‘ख्रेमाता’ होता, चांदीवरून आलेला ‘आर्गुरिऑन’ होता. तरीही मत्तय आणि लूक यांनी या चार जागी अरामी शब्दच ठेवला आणि त्याला ग्रीक विभक्ती लावली. अर्थ मात्र सांगितला नाही. मार्काने ‘तलिथा कूम’ किंवा ‘एफ्फाथा’ हे अरामी बोल दिले तेव्हा लगोलग त्यांचा अर्थही दिला होता. मामोनच्या बाबतीत तशी गरज कोणाला वाटली नाही.

या मोकळ्या राहिलेल्या जागेत पुढच्या काही शतकांत एक सैतान येऊन बसला. इंग्रजीत हा शब्द आजही अनेकदा विशेषनामासारखा थोरल्या अक्षराने लिहितात आणि धनलोभाचा दैत्य किंवा दैवत असा त्याचा अर्थ देतात. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराने १८८५ साली त्याचे चित्र काढले. सिंहासनावर सुजलेल्या अंगाचा एक पुरुष बसलेला आहे, मांडीवर पैशाच्या थैल्या आहेत, पायाखाली एक तरुण आणि हाताखाली एक तरुणी चिरडली जात आहे. चित्र परिणामकारक आहे. सर्वसाधारण वाचकाच्या मनातला मामोन तो हाच. प्राचीन सीरियात मामोन नावाचा देव पूजला जात होता, असेही बेधडक लिहिले जाते. त्याला पुरावा मात्र काहीच नाही. या नावाचे देऊळ, मूर्ती किंवा शिलालेख सीरिया, पॅलेस्टाइन वा फिनिशिया यांपैकी कुठेही सापडलेला नाही.

माझे म्हणणे असे आहे की मामोनला सैतान करण्यात येशूच्या बोलण्याची धार गेली. मूळ शब्द व्यवहारातला, वाटणीतला, न्यायसभेतला होता, आणि येशूच्या वाक्याचा सगळा जोर त्या साधेपणावरच उभा होता. सैतान म्हटला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असतो; आपल्या घरातली पेटी निर्दोष सुटते.

आधी शब्दाचा ठावठिकाणा पाहू. जुन्या करारात तो नाही. तिथे संपत्तीबद्दल पुष्कळ लिहिलेले आहे, पण शब्द वेगळे आहेत: ‘होन’, ‘ओशेर’, ‘हायिल’, ‘नखासीम’. मामोन भेटतो तो जुन्या कराराच्या उंबरठ्याबाहेर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला यरुशलेममध्ये बेन सिरा नावाच्या शिक्षकाने हिब्रूत बोधग्रंथ लिहिला. त्याच्या नातवाने इजिप्तमध्ये त्याचे ग्रीक भाषांतर केले. मूळ हिब्रू पुढे हरवले आणि शतकानुशतके लोक ग्रीक व सिरियाक भाषांतरेच वाचत राहिले. १८९६ साली केंब्रिजमध्ये सॉलोमन शेख्टर यांनी पूर्वेकडून आलेले एक जीर्ण पान ओळखले आणि त्यानंतर कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या कोठीतून या हिब्रू ग्रंथाची आणखी पाने निघाली. त्यांतल्या ३१व्या अध्यायात, मामोनच्या मागे न धावता जो निर्दोष राहिला त्या माणसाला बेन सिरा धन्य म्हणतो. नातवाने या जागी ग्रीकमध्ये ‘सोने’ असा शब्द घातला. म्हणजे येशूच्या शंभरेक वर्षे आधीच्या या जाणत्या भाषांतरकाराला मामोन ही नाण्या-दागिन्यांची गोष्ट वाटत होती. दैवत त्याच्या मनातही आले नाही.

मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे १९४७पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतही मामोन आहे. तिथल्या पंथाचे नियम कडक होते. नव्या सदस्याची मालमत्ता आधी नोंदवून ठेवायची, आणि त्याची परीक्षा पुरी झाल्यावर ती समाईक निधीत मिसळायची. लहानाने मोठ्याचे ऐकायचे ते कामाच्या आणि मामोनच्या बाबतीत, असा त्या नियमावलीत एक नियम आहे. हा शब्द तिथे किती कोरडा, किती कारकुनी आहे! अरामी भाषांतरांत, म्हणजे तारगुमांत, तो जागोजागी येतो. शमुवेलाचे मुलगे लाचेच्या आणि लाभाच्या मागे लागले असे मूळ हिब्रूत आहे, तिथे तारगुम ‘खोट्याचा मामोन’ म्हणतो. लूकमधला ‘अनीतीचा मामोन’ हा प्रयोग याच घरातला आहे. मामोनला ‘खोट्याचा’ असे विशेषण लावावे लागते यावरूनच कळते की नुसता मामोन खोटा नव्हता.

सर्वांत स्पष्ट साक्ष मिश्नाची. यहुदी नियमशास्त्राचा हा संग्रह इसवी सन २००च्या सुमारास गालीलमध्ये सिद्ध झाला. त्यात खटल्यांचे दोन मोठे वर्ग आहेत: मामोनचे खटले आणि जिवाचे खटले. आपण दिवाणी आणि फौजदारी म्हणतो, त्याच्या जवळपास जाणारी ही विभागणी. मामोनच्या खटल्याला तीन न्यायाधीश पुरत. जिवाच्या खटल्याला २३ लागत. मामोनच्या खटल्यात चुकले तर पैसे भरून देता येतात, जिवाच्या खटल्यात रक्त परत करता येत नाही, असे कारणही तिथे दिले आहे. त्याच संग्रहात रब्बी योसे यांची शिकवण आहे की शेजाऱ्याचा मामोन आपल्या मामोनइतकाच जपावा. सैतानाला शेजाऱ्यासाठी जपा असे कोणी सांगत नाही. आजच्या हिब्रूतही ‘मामोन’ म्हणजे पैसा, आणि त्यावरून झालेला ‘मिमुन’ म्हणजे वित्तपुरवठा.

हा शब्द आला कुठून, यावर विद्वानांचे एकमत नाही. काही जण तो लपवणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाच्या भावांच्या पोत्यांत जे ‘दडवलेले धन’ निघाले, त्यासाठीचा ‘मत्मोन’ हा शब्द त्यांना याचा नातलग वाटतो. काही जण मोजणे या अर्थाच्या धातूकडे जातात: जे मोजले जाते ते मामोन. पण सर्वाधिक अभ्यासकांचा कल ज्या मताकडे आहे, ते मला ध्वनी आणि अर्थ या दोन्ही कसोट्यांवर जास्त पटते. अलेफ-मेम-नून हा तो धातू. टिकून असणे, भरवसा ठेवण्याजोगे असणे असा त्याचा अर्थ. प्रार्थनेच्या शेवटी आपण ‘आमेन’ म्हणतो तो याच धातूचा. ‘मआमोन’ असे मूळ रूप धरले आणि मधला क्षीण अलेफ उच्चारातून गळाला, तर ‘मामोन’ उरतो. अर्थ दोन होऊ शकतात: ज्यावर माणूस भरवसा ठेवतो ते, किंवा भरवशाने ज्याच्या हवाली केले जाते ते.

मराठी वाचकाला हा धातू परका नाही. अरबीतून आणि फारसीतून तो आपल्याकडे कधीचाच आला आहे. ‘इमान’, ‘बेइमान’, ‘इमानदार’ हे सारे त्याच कुळातले. आणि अरबी ‘अमानत’ची अक्षरे उलटीपालटी होऊन मराठीत झाला तो ‘अनामत’. घर भाड्याने घेताना, वसतिगृहात प्रवेश घेताना, निवडणुकीचा अर्ज भरताना आपण जी अनामत ठेवतो, ती शब्दाच्या नात्याने मामोनची सख्खी बहीण ठरते. ही व्युत्पत्ती खरी असेल तर मामोन म्हणजे अनामत, असे मराठीत एका शब्दात सांगता येते. इंग्रजीला किंवा जर्मनला हे भाग्य नाही.

आता कोणी म्हणेल की शब्दाच्या मुळावरून वाक्याचा अर्थ काढणे धोक्याचे असते. बरोबर आहे. बोलणाऱ्याला शब्दाचे मूळ ठाऊक असतेच असे नाही. म्हणून मी मुळावर थांबत नाही, लूकच्या सोळाव्या अध्यायाकडे जातो. तिथे अनामतीचा अर्थ व्युत्पत्तीशिवायही उभा राहतो.

त्या अध्यायाच्या आरंभी एक दाखला आहे. ऐकणाऱ्यांना तो तेव्हाही अवघड गेला असेल. दोन हजार वर्षे उपदेशकांना तर तो सतावतोच आहे. एका श्रीमंत माणसाचा कारभारी मालकाची मालमत्ता उधळतो अशी तक्रार मालकाच्या कानी जाते. मालक हिशेब मागतो आणि कारभार काढून घेणार असे बजावतो. कारभारी विचारात पडतो. खणायचे बळ नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो मालकाच्या देणेकऱ्यांना एकेक करून बोलावतो. एकाकडून १०० मापे तेल येणे असते. त्याला म्हणतो, बस आणि लवकर ५० लिही. दुसऱ्याकडून १०० मापे गहू येणे असतात. त्याला ८० लिहायला सांगतो. उद्या कारभार गेला तर या लोकांनी आपल्याला घरात घ्यावे, हा हिशेब. आणि आश्चर्य असे की मालक त्या अप्रामाणिक कारभाऱ्याच्या शहाणपणाची वाखाणणी करतो.

कारभाऱ्याने नेमके काय सोडले, यावर बराच वाद झाला आहे. त्याने स्वतःची दलाली सोडली असे काही जण म्हणतात. मोशेच्या नियमशास्त्राने बंदी घातलेले व्याज मुद्दलात मिसळून लिहिलेले होते आणि तेच त्याने वजा केले, असे इतर काहींना वाटते. मला या वादात निर्णय देण्याची गरज दिसत नाही. दाखल्याचा कणा दुसरीकडे आहे. कारभाऱ्याच्या हातात जे आहे ते त्याचे नाही. तेल मालकाचे, गहू मालकाचे, वह्याही मालकाच्या. त्याच्या हातात काही थोडा वेळ आहे, आणि त्या वेळात परक्याच्या मालातून तो माणसे जोडतो.

यापुढे येशू आपल्या शिष्यांना सांगतो की अनीतीच्या मामोनने तुम्ही आपल्यासाठी मित्र जोडा, म्हणजे तो संपेल तेव्हा तुम्हाला चिरकालच्या वस्तीत जागा मिळेल. इथे मामोनच्या जागी सैतान घालून वाक्य वाचून पाहावे. येशू शिष्यांना सैतान वापरून मित्र जोडायला सांगतो आहे, असा अर्थ निघेल. कोणत्याही ख्रिस्ती परंपरेला हा अर्थ मान्य होणार नाही. मामोन खर्च करता येतो, संपतो, दुसऱ्याच्या उपयोगी पाडता येतो. तो वस्तू आहे. या एका वचनापुढे मामोन-दैत्याची सगळी दंतकथा कोसळते, आणि तरीही सैतानाचे चित्र रंगवणारे बहुतेक जण मत्तयातले एकच वचन उचलतात, लूकला हात लावत नाहीत.

पुढची तीन वचने नीट वाचण्यासारखी आहेत. थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, असे येशू म्हणतो. मग विचारतो: अनीतीच्या मामोनविषयी तुम्ही विश्वासू ठरला नाहीत, तर खरे धन तुमच्यावर कोण सोपवील? आणि जे परक्याचे आहे त्याविषयी विश्वासू ठरला नाहीत, तर जे तुमचे आहे ते तुम्हाला कोण देईल? विश्वासू, सोपवणे, खरे हे शब्द ग्रीकमध्ये वेगवेगळे दिसतात; अरामी-हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानात ते मामोनशी नाद जुळवणारे, आमेनच्या कुळातले शब्द असावेत, असे बऱ्याच अभ्यासकांनी दाखवले आहे. पण नाद बाजूला ठेवला तरी चालेल. मामोनला येशू सरळ ‘परक्याचे’ म्हणतो. ज्याला जग माझे म्हणते, माझ्या नावावर, माझ्या खात्यात, माझ्या कष्टाचे म्हणते, ते त्याच्या लेखी दुसऱ्याने ठेवायला दिलेले आहे. अनामत हा अर्थ इथे शब्दाच्या मुळातून ओढून आणावा लागत नाही, वाक्यातच आहे.

यानंतर लूकमध्ये दोन धन्यांचे ते प्रसिद्ध वचन येते. मत्तय हेच वचन डोंगरावरील प्रवचनात देतो, पृथ्वीवर कसर आणि जंग खाणारे धन साठवू नका या उपदेशानंतर. एक माणूस दोन धन्यांची गुलामी करू शकत नाही. देवाची आणि मामोनची एकाच वेळी करू शकत नाही. ग्रीक क्रियापद गुलामीचे आहे. पगारावरची चाकरी दोन ठिकाणी होऊ शकते, तिचा इथे संबंध नाही.

गुलामाला दोन मालक असणे त्या काळी अशक्य होते असे मात्र समजू नये. रोमी जगात भावाभावांत किंवा भागीदारांत एक गुलाम समाईक असे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्पै शहरात भविष्य सांगणारी एक दासी भेटते. तिच्या मिळकतीवर जगणारे ‘धनी’ अनेकवचनी आहेत. मिश्नामध्ये अर्धा गुलाम आणि अर्धा स्वतंत्र अशा माणसाचा प्रश्न आला आहे. दोन मालकांपैकी एकाने आपला हिस्सा मोकळा केला की अशी स्थिती येई. हिल्लेल या यहुदी आचार्याचा संप्रदाय म्हणाला, त्याने एक दिवस मालकाचे काम करावे आणि एक दिवस स्वतःचे. शम्माय या दुसऱ्या आचार्याच्या संप्रदायाने आक्षेप घेतला की यात मालकाची सोय झाली, त्या माणसाची नाही. तो धड गुलाम स्त्रीशी लग्न करू शकत नाही आणि धड स्वतंत्र स्त्रीशीही नाही. हिल्लेलच्या अनुयायांनी शेवटी हा आक्षेप मान्य केला. ज्या समाजात हे प्रश्न न्यायसभेपुढे येत होते, तिथे दोन धन्यांचे वाक्य ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खरी माणसे उभी राहत असणार. दिवस वाटून देता येतात, निष्ठा वाटता येत नाही. येशू एकावर प्रेम आणि दुसऱ्याचा द्वेष याबद्दल बोलतो ते त्यामुळे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा. प्रत्येक धार्मिक यहुदी दिवसातून दोनदा ‘शेमा’ म्हणत असे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ती आज्ञा: देवावर संपूर्ण हृदयाने, संपूर्ण जिवाने आणि संपूर्ण बळाने प्रेम कर. आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल समाजाने बाकीचे बरेच काही विस्मृतीत गेले तरी शेमा जपून ठेवला होता. इतके त्या प्रार्थनेचे मोल. त्यातल्या ‘बळ’ या शब्दाशी हिब्रू वाचक अडखळत, कारण मूळ ‘मेओद’ म्हणजे नुसते ‘फार’, ‘अतिशय’. आपल्या ‘अतिशया’ने प्रेम करायचे म्हणजे काय? मिश्ना उत्तर देते: तुझ्या सगळ्या मामोनने. मिश्नाचा संग्रह येशूनंतरचा असला तरी हे वाचन जुने दिसते, कारण कुमरानच्या नियमावलीच्या सुरुवातीलाही सदस्यांनी आपले ज्ञान, आपली शक्ती आणि आपली संपत्ती देवाच्या समुदायात आणावी असे आहे, आणि ही त्रयी शेमाच्या त्रयीवरच बेतलेली आहे.

हे ध्यानात घेतले की येशूचे वाक्य आपल्याच परंपरेच्या आत किती खोल रुजलेले आहे ते दिसते. मामोनने देवावर प्रेम करायचे असते. तेच साधन उचलून धन्याच्या आसनावर बसवले की शेमा मोडतो. परंपरा ‘मामोनने’ म्हणते, येशू ‘मामोनची नको’ म्हणतो, आणि दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. मामोन मुळातच सैतान असता तर पहिले वाक्य पाखंड ठरले असते. पुष्कळ ख्रिस्ती भाष्यकारांनी येशूला यहुदी परंपरेच्या विरोधात उभे करण्याच्या नादात हे साधे नाते पाहिलेच नाही, आणि त्याची किंमत पुढे यहुद्यांनी मोजली.

हे सगळे बोलणे हवेत चाललेले नव्हते. येशूच्या गालीलमध्ये तिथला शासक हेरोद अंतिपा याने सेप्फोरिस हे शहर पुन्हा उभारले होते आणि इसवी सन २०च्या सुमारास तलावाकाठी तिबिर्य वसवले होते. अशी शहरे करांवर उभी राहतात. कर्ज हा रोजचा विषय होता. मोशेच्या नियमशास्त्रानुसार सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचे, म्हणून ते वर्ष जवळ आले की सावकार हात आखडते घेत. त्यावर हिल्लेलने ‘प्रोझबुल’ ही तोड काढली: कर्जाचे रोखे न्यायसभेच्या हवाली करायचे, म्हणजे ते बुडत नाहीत. गरिबाला कर्ज मिळत राहावे हा हेतू चांगला होता. परिणामी कर्जमाफीच मागे पडली. निरोच्या दुसऱ्या वर्षातला, म्हणजे इसवी सन ५५-५६चा, एक अरामी रोखा मृत समुद्राजवळच्या मुरब्बआतच्या गुहेत सापडला आहे. २० झूझ या लहानशा रकमेचा. कर्जदार त्यात लिहून देतो की विसाव्याचे, म्हणजे सातवे, वर्ष असले तरी मी फेडीन. इसवी सन ६६मध्ये रोमविरुद्ध बंड पेटले तेव्हा बंडखोरांनी यरुशलेममधली दप्तरे जाळली, सावकारांचे रोखे नष्ट व्हावेत म्हणून. योसेफस या इतिहासकाराने हे नोंदवले आहे. दाखल्यातला कारभारी ‘बस आणि लवकर ५० लिही’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी असा रोखा असेल!

मग सैतान आला कुठून? एका दिवसात कोणी तो निर्माण केला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या हिप्पोचे ऑगस्टीन यांनी डोंगरावरील प्रवचनावर भाष्य लिहिले. त्यांच्या भागात कार्थेजची प्यूनिक भाषा अजून जिवंत होती, आणि तीही हिब्रूच्याच कुळातली. प्यूनिकमध्ये मामोन म्हणजे नफा, असे त्यांनी नोंदवले. इतके नेमके सांगून पुढे ते म्हणतात की मामोनची सेवा करणारा प्रत्यक्षात या जगाच्या अधिपतीची, म्हणजे सैतानाची सेवा करतो. धर्मोपदेशक म्हणून हे बोलणे समजण्यासारखे आहे. पण फट तिथे पडली. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्ड यांच्या ग्रंथात मामोन हे एका सैतानाचेच नाव आणि सिरियाकमध्ये त्यावरून संपत्तीला हे नाव, असे उलटे नाते मांडले गेले. हा ग्रंथ मध्ययुगीन विद्यापीठांत पाठ्यपुस्तक होता, त्यामुळे ही उलटापालट पक्की झाली. १५८९ साली पीटर बिन्सफेल्ड यांनी सात पापांना सात सैतान वाटून दिले. लोभ मामोनच्या वाट्याला आला. हे गृहस्थ ट्रिअरच्या चेटकीण-खटल्यांतले एक प्रमुख नाव होते, हेही सांगायला हवे. कवींनी बाकीचे काम केले. स्पेन्सरने १५९०मध्ये मामोनची सोन्याची गुहा रंगवली. मिल्टनने १६६७मध्ये त्याला पतित देवदूत केले, स्वर्गात असतानाही देवाकडे पाहायचे सोडून सोन्याच्या फरशीकडे खाली डोळे लावून चालणारा. मिल्टनची ती कल्पना थोर आहे आणि तिचा मोह मलाही पडतो. पण ती मिल्टनची आहे, येशूची नाही.

यात एक दुर्लक्षित तपशील आहे. चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिनवरून इंग्रजी बायबल केले तेव्हा लॅटिनमध्ये ‘मामोना’ असूनही त्यांनी साधा ‘संपत्ती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. ग्रीकवरून भाषांतर करणाऱ्या टिंडेलने १५२६मध्ये ‘मॅमन’ तसाच ठेवला, आणि १६११च्या अधिकृत बायबलने तो कायम केला. टिंडेलला तो सैतान वाटत नव्हता. १५२८च्या आपल्या एका पुस्तकात त्याने स्वच्छ लिहिले की हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ धनदौलत. परंतु सामान्य वाचकाच्या हाती टिंडेलचे स्पष्टीकरण पडले नाही, परका शब्द तेवढा पडला. परका शब्द नेहमीच्या वापरातला नसला की त्याला चेहरा फुटायला वेळ लागत नाही.

या चेहऱ्याने प्रत्यक्ष इजा केली. मामोन बाहेरचा दैत्य ठरला की त्याचे पुजारी कोण, हा प्रश्न उभा राहतो, आणि युरोपात त्याचे उत्तर शतकानुशतके तयार होते: यहुदी. म्युनिकमध्ये १९१९ साली गॉटफ्रीड फेडर या अभियंत्याने व्याजाची गुलामी मोडण्याचा जाहीरनामा काढला आणि ‘मामोनवाद’ हा मानवजातीला जडलेला रोग ठरवला. त्याच वर्षी त्याची व्याख्याने ऐकणाऱ्यांत अडॉल्फ हिटलर होता. पुढच्या वर्षीच्या नाझी पक्षाच्या २५ कलमांत व्याजगुलामी मोडण्याचे कलम आले, आणि यहुदी भौतिकवादी वृत्तीशी लढण्याचेही आले. गालीलमधल्या एका यहुदी शिक्षकाने आपल्या यहुदी शिष्यांना स्वतःच्या थैलीकडे पाहायला सांगताना वापरलेला शब्द त्याच्याच लोकांविरुद्ध फिरवला गेला. या कृत्याचे पाप शब्दाच्या माथी मारता येणार नाही. पण मामोन साधे ‘धन’ राहिला असता, तर त्याला दुसऱ्याच्या दारात उभे करणे इतके सोपे गेले नसते.

मामोन ही केवळ वस्तू आहे या माझ्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे. फ्रेंच विचारवंत झाक एल्युल यांनी १९५४मध्ये लिहिलेल्या पैशावरच्या पुस्तकात मामोनला शक्ती म्हटले. पैसा हे निरुपद्रवी हत्यार असून ते कसे वापरायचे ते आपल्या हाती, असे मानणे त्यांना भाबडेपणाचे वाटते. पैसा माणसाला वाकवतो, त्याच्या नकळत त्याचे निर्णय घेतो. येशूने त्याला देवाच्या समोरच्या आसनावर बसवले ते काही उगाच नाही. मत्तयात या शब्दाला ग्रीक उपपद नाही, त्यामुळे तो नावासारखा ऐकू येतो, याचाही आधार घेता येतो.

एल्युल यांच्या निरीक्षणात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पैसा धनी होऊ शकतो, हे येशूचेच म्हणणे आहे. प्रश्न एवढाच की त्याला हे धनीपण कोण देते. लूक उत्तर देतो. ठेवायला दिलेले ज्याने आपले मानले, हिशेब मागणारा कोणी नाही असे ज्याने गृहीत धरले, त्याच्यावर ते राज्य करते. ही सत्ता आपण दिलेल्या भरवशातून येते, कुठल्या आत्म्यातून येत नाही. आणि म्हणून ती काढूनही घेता येते, मंत्राने किंवा भूत उतरवून नव्हे, वही उघडून आणि रक्कम कमी लिहून. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात पैशाच्या उपयोगावर प्रवचन केले ते लूकमधल्या याच वचनावर. मिळवा, वाचवा आणि मग देऊन टाका, असा त्यांचा उपदेश. त्यांचे अनुयायी पहिल्या दोन गोष्टींत फार तरबेज झाले, याची खंत त्यांनी उतारवयात जाहीरपणे व्यक्त केली. त्या खंतीत सैतानाचे नाव घेऊन त्यांनी कोणाला सुटू दिले नाही, हे मला मोलाचे वाटते.

आज मराठी मंडळ्यांत वाचल्या जाणाऱ्या प्रचलित बायबलमध्ये या जागी ‘धन’ आहे. मराठी वाचकाला त्यात एक गोष्ट अनायासे मिळाली, जी ग्रीकला नाही आणि इंग्रजीलाही नाही. वाक्याच्या सुरुवातीला दोन ‘धनी’ आहेत, शेवटी ‘धन’. ज्याच्याकडे धन तो धनी, इतकी सरळ आपली भाषा. आणि इथे येशू सांगतो आहे की धन स्वतःच धनी होऊन बसू शकते. भाषांतरकारांनी हे हेतुपुरस्सर केले असेल वा नसेल, वाक्य मराठीत अधिक जवळ येऊन टोचते.

अलीकडे इंग्रजी उपदेशांच्या वळणावर जाऊन मराठी प्रवचनांतही ‘मॅमन नावाचा दुरात्मा’ असे शब्द माझ्या कानी पडले आहेत. बोलणाऱ्यांची कळकळ खरी असते. त्यांना माझे सांगणे आहे की तुमच्या हातातल्या मराठी बायबलने हा प्रश्न तुमच्याआधी बरोबर सोडवला आहे, त्याला धरून राहा. आणि पुढच्या आवृत्त्यांचे काम जे करतील त्यांना विनंती: ‘धन’ काढून तिथे ‘मॅमन’ बसवू नका. लूकच्या सोळाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाखाली तळटीप द्यायचीच असेल, तर तिच्यात ‘अनामत’ हा शब्द जरूर घाला.